दादासाहेब मावळंकर आणि तुझं तिकीट

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आमदार व्हायचंय हे घरी सांगायच्या आधी मला कळवलंस, बरं केलंस. तू दोन गोष्टी विचारल्यास. आपण मराठी, वडोदऱ्यात आपल्याला मत कोण देणार? आणि भाषण कुठे शिकू?

पहिलीचं उत्तर आपल्याच गावात आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर 27 नोव्हेंबर 1888 ला बडोद्यात जन्मले. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या मावळंग्याचं. 1902 मध्ये ते शिकायला अहमदाबादला गेले, 1913 पासून तिथेच वकिली केली, आणि 1937 मध्ये अहमदाबादनेच त्यांना मुंबई विधानसभेत निवडून दिलं. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांबद्दल त्यांनी लिहिलं, तेही गुजरातीत. तू गुजराती फर्डं बोलतेस, पण अर्ज लिहायचा झाला की मैत्रिणीला फोन लावतेस. ते आधी सुधार.

भाषणाचं मला फारसं कौतुक नाही. दांडिया बाजारात गणपतीच्या मांडवात टाळ्या घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. मावळंकर 1919 मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत शिरले आणि मधला थोडा काळ सोडला तर 1937 पर्यंत तिथेच राबले. दोनदा नगराध्यक्ष झाले. नळ, गटारं, कराची थकबाकी, हे सगळं हाताखालून गेल्यावर ते मुंबईच्या 175 जणांच्या विधानसभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले. समोर विरोधी बाकांवर खुद्द डॉ. आंबेडकर. तिथे गोड आवाज काय कामाचा? नियम तोंडपाठ हवा, आणि तो आपल्या पक्षावरही लावायची तयारी हवी.

पुढचं बघ. जानेवारी 1946 मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या केंद्रीय कायदेमंडळात, अध्यक्षाची निवडणूक झाली. इंग्रज सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता. मावळंकरांना 66 मतं पडली, कावसजींना 63. तीन मतांचा फरक! अशा सभागृहात एक निवाडा तिरपा गेला की सगळं अंगावर येतं. 1952 मध्ये ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा मात्र 394 विरुद्ध 55. त्यांच्याविरुद्ध उभे होते शंकरराव मोरे, म्हणजे दोन्ही उमेदवार मराठीच.

मला त्यांची सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे वटहुकमांवरून त्यांनी नेहरूंना लिहिलेली पत्रं. सभागृह टाळून वटहुकूम काढत राहणं लोकशाहीला धरून नाही, असं त्यांनी आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांना सुनावलं. नेहरूंना ते पूर्ण पटलं नाही, वटहुकूम निघतच राहिले. तरी पत्र लिहायचं ते लिहिलं. आणि ते निर्दोष होते असंही समजू नकोस. डिसेंबर 1954 मध्ये त्यांना पदावरून काढण्याचा ठराव विरोधकांनी लोकसभेत आणला, त्यावर चर्चा झाली आणि तो फेटाळला गेला. 27 फेब्रुवारी 1956 ला ते गेले तेव्हाही ते अध्यक्षच होते.

आता रीत वेगळी आहे. आपल्या वडोदऱ्यातल्या रावपुरा मतदारसंघाचे तेव्हाचे आमदार 2018 मध्ये गुजरात विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि 2021 मध्ये ते पद सोडून मंत्री. त्यांना एकट्यांना कशाला नावं ठेवायची? खुर्ची ही मंत्रिपदाची पायरी, असं सगळेच पक्ष धरून चालतात. तुला त्यातच वावरायचंय, म्हणून सांगतो.

पक्षात कुणाचा हात धरायचा ते मला विचारू नकोस, त्यात मला गती नाही. तिकीट मागायचंच तर आधी कॉर्पोरेशनचं माग. 19 वॉर्ड, प्रत्येकी चार जागा. 182 जणांच्या विधानसभेपेक्षा इथे शिरकाव सोपा, आणि कामही लवकर अंगवळणी पडतं. तोपर्यंत दोन गोष्टी कर. विधानसभेची नियमावली मिळव आणि तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), हरकतीचा मुद्दा (नियम मोडला म्हणून घ्यायचा), कपात सूचना (खर्चाची मागणी कमी करा म्हणणारी) यांची प्रकरणं पेन्सिल घेऊन वाच. मग खंडेराव मार्केटात, कॉर्पोरेशनच्या कचेरीत जाऊन आपल्या वॉर्डाच्या ड्रेनेजवर यंदा किती तरतूद झाली आणि किती खर्च झाला, ते लेखी माग. अर्ज गुजरातीत, तुझ्या हातचा. पाठवण्याआधी मला दाखव. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
काका