वाचकांचे प्रश्न : देशाचे नाव नसलेल्या पत्त्यावरचा फराळ

श्रावण संपत आला की या सदराकडे एका विशिष्ट प्रकारची पत्रे येऊ लागतात. घरातले कोणी सैन्यात असते, परदेशी नेमणुकीवर गेलेले असते, आणि दिवाळीचा फराळ तिथवर नीट पोहोचेल का, अशी काळजी त्या पत्रांत असते. यंदाच्या पत्रांतून चार प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची, पलटणींची आणि तळांची नावे जाणीवपूर्वक गाळली आहेत. त्याचे कारण पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : माझा मुलगा लष्करात नाईक आहे आणि चार महिन्यांपूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेला आहे. त्याने कळवलेल्या पत्त्यात त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, ‘मार्फत ५६ एपीओ’ आणि पिनकोड एवढेच आहे. देशाचे नाव नाही, गावाचे नाव नाही. अशा पत्त्यावर पार्सल पोहोचेल यावर विश्वास बसत नाही. काय पाठवावे आणि कसे बांधावे, हेही सांगावे.
— एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : पत्ता बरोबर आहे. आपल्या समाधानासाठी त्यात ‘दक्षिण सुदान’ हे शब्द मात्र घालू नयेत. टपाल भरकटण्याचा तोच हमखास मार्ग आहे. ५६ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) ही लष्करी टपालाची व्यवस्था १९४८ पासून चालू आहे. पिनकोडचा पहिला आकडा ९ असला की ते टपाल कोणत्याही राज्याचे नसून सैन्याचे आहे, हे पुण्याच्या सिटी पोस्टातल्या कर्मचाऱ्यालाही कळते, आणि ते दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्राकडे रवाना होते. कोणती पलटण आज कुठे आहे याची माहिती त्या केंद्राकडे असते, आपल्या पाकिटावर नसते. पाकीट वाटेत कोणाच्याही हाती पडले, तरी त्यावरून कोणाला काही कळू नये, हाच तर त्या आटोपशीर पत्त्याचा हेतू आहे. म्हणून क्रमांक आणि पलटणीचे नाव मुलाने लिहून दिले आहे तसेच, अक्षरन् अक्षर, उतरवावे. एकाच पलटणीत एकाच नावाचे दोन-तीन शिंदे किंवा जाधव असणे नवलाचे नाही; तिथे माणूस ओळखला जातो तो क्रमांकावरून.

ही परंपरा आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. हिंदुस्थानी फौजेबरोबर टपाल कचेरी परदेशी गेली ती १८५६ मध्ये, इराणच्या मोहिमेत. १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी कोरियाला गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनानीकडे होते. त्या दलासाठी आपल्या नेहमीच्या तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी देवनागरी अक्षरे छापण्यात आली होती. कोणाच्या घरी जुन्या पत्रांच्या पेटीत तसे पाकीट सापडले, तर तिकीट काढण्यासाठी ते पाण्यात बुडवू नये, एवढे जाता जाता सांगते.

आता डब्याविषयी. दक्षिण सुदानात पावसाळा साधारणपणे मे ते ऑक्टोबर चालतो. त्या काळात कच्चे रस्ते बंद पडतात आणि शांतिसेनेचा माल विमानाने, हेलिकॉप्टरने किंवा नाईलच्या पात्रातून तराफ्यांवरून न्यावा लागतो. त्या रांगेत धान्य, इंधन आणि औषधे आधी असतात, फराळ नंतर. त्यामुळे मी एकच ठोकताळा मानत आले आहे : गणपतीत बांधलेला डबा दिवाळीत उघडतो. अनंत चतुर्दशीनंतर पाठवलेला फराळ बहुधा तुळशीच्या लग्नाला पोहोचतो. त्याला हरकत नाही, पण मग पदार्थ त्या हिशेबाने निवडावेत.

टिकण्याच्या दृष्टीने शंकरपाळ्यांसारखा भरवशाचा पदार्थ नाही, कारण ते मोडत नाहीत, सांडत नाहीत आणि महिनाभर तरी चवीला उतरत नाहीत. कडबोळी चकलीपेक्षा धीराची. चकली पाठवायचीच असेल तर मोहन बेताचे घालावे, नाहीतर तिथे डब्यातून चकलीची भाजणीच निघेल. चिवडा पातळ पोह्यांचा, भाजून केलेला असावा आणि त्यात तळलेले खोबऱ्याचे काप मुळीच घालू नयेत, कारण उष्णतेने सर्वांत आधी खवट होते ते खोबरे, आणि त्याच्या वासाने सगळा चिवडा जातो. ओल्या नारळाचे काहीही, खव्याचे काहीही, पेढे, बर्फी, ओले सारण हे सर्व वर्ज्य. बेसनाचे लाडू चालतील, मात्र बेसन खमंग भाजलेले हवे आणि लाडवात दुधाचा हबका मारलेला नसावा. माझ्या मते फराळापेक्षाही मोलाचे ठरते ते मेतकूट आणि कोरडी लसणाची चटणी. भात तिथल्या भोजनालयात रोज असतो. आपल्या घरच्या चवीचे चमचाभर काहीतरी रोज नसते. फराळ दोन दिवसांत संपतो, मेतकूट दोन महिने पुरते.

लोणचे पाठवू नये, हे मी अनुभवाने सांगते. १९९३-९४ मध्ये माझे पती सोमालियात, बैदोआला, आपल्या ब्रिगेडबरोबर होते. मी मोठ्या हौसेने कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी फडक्यात गुंडाळून डब्याच्या मधोमध ठेवली आणि वर मुलीने लिहिलेले चार पानी पत्र ठेवले. बरणी कुठे फुटली कोण जाणे. पत्र तेलात असे भिजले की कागद आरपार दिसू लागला आणि पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंची अक्षरे एकमेकांत मिसळली. त्यांनी ते तंबूच्या दोरीवर वाळत घातले आणि एकेक ओळ बोट ठेवून लावली. अर्थात अर्धे पत्र त्यांना पुण्याला परतल्यावर मुलीकडूनच ऐकावे लागले. तेव्हापासून पत्र नेहमी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकटपट्टी लावून.

डबा पत्र्याचा घ्यावा. तुळशीबागेत झाकण घट्ट बसणारे मिळतात. प्रत्येक पदार्थ आधी दुहेरी पिशवीत बंद करावा. पदार्थ गरम असताना पिशवी बंद केली तर आत वाफ धरते आणि सगळे सादळते, म्हणून एक रात्र निवू द्यावे. डबा पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि खोके मांजरपाटात शिवून, ही जुनी पद्धत आता फारसे कोणी पाळत नाही. पण चिकटपट्टी उन्हाने सुटते आणि शिवण सुटत नाही, हे लक्षात घ्यावे. खोक्यातली पोकळी भरण्यासाठी वर्तमानपत्राचे बोळे करण्याऐवजी रविवारच्या पुरवण्या सपाट घडी करून घालाव्यात. बैदोआतल्या मराठी जवानांनी पंधरा दिवस जुनी पुरवणी वधूवर-सूचक जाहिरातींसकट वाचून काढली होती आणि तिची पाने आपसांत वाटून घेतली होती.

पार्सल विमानाने जाते, त्यामुळे पेट घेणारे किंवा दाबाखालचे काहीही त्यात चालत नाही : काडेपेटी, लायटर, फवाऱ्याचे अत्तर, सुटी बॅटरी, पॉवर बँक. पूजेच्या पुडीतला कापूर अनेकजण विसरतात. तोही ज्वालाग्राही पदार्थांतच मोडतो. हळद-कुंकू आणि जानवे खुशाल पाठवावे, पण तुळशीच्या बिया किंवा घरची माती पाठवू नये, कारण बी-बियाणे आणि माती यांवर बहुतेक देशांत निर्बंध असतात. आतल्या वस्तूंची यादी करताना नुसते ‘खाद्यपदार्थ’ न लिहिता ‘शंकरपाळे, गव्हाचे, १ किलो’ असे नाव, घटक आणि वजन लिहावे. तपासणाऱ्याला कळले तर तो खोके उघडण्याची शक्यता कमी.

आणि डबा एकट्यासाठी भरू नये. सेक्शनमध्ये दहा जण असतात आणि खोके दहाही जणांसमोर उघडते. अकरा लाडू अधिक घालावेत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला परदेशातील भारतीय जवानांना दिवाळीनिमित्त शंभर भेटखोकी पाठवायची आहेत. कोणाही एका जवानाचे नाव आमच्याकडे नाही. पत्ता कोठे मिळेल?
— मंडळाच्या कार्यवाह, कोथरूड

उत्तर : असा पत्ता मिळणार नाही, आणि मिळू नये. नाव व क्रमांक नसलेले, अनोळखी घरातून आलेले खोके तळावर पोहोचणे ही सुरक्षेच्या दृष्टीने डोकेदुखी आहे. अमेरिकेत पूर्वी ‘कोणाही सैनिकास’ अशा पत्त्यावर लाखो भेटी जात. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी पाठवण्याचे प्रकार घडल्यानंतर तेथील संरक्षण खात्याने ती पद्धत बंद केली. आपल्या मंडळाच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण तपासणाऱ्याला हेतू दिसत नाही, खोके दिसते.

पुण्यात राहून करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीला खिळलेले सैनिक तिथे राहतात. खडकीतच १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, जिथे अपंगत्व आलेल्या जवानांना व्यवसायशिक्षण दिले जाते. दोन्हीकडे आधी विचारावे, मगच भेट ठरवावी. आपल्याला शंभर साटोऱ्या द्याव्याशा वाटतात आणि तिथे गरज असते ती चादरींची, असे सहज होऊ शकते. निधी गोळा होणार असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ध्वजदिन निधीला द्यावा. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, पण पैसे त्याच दिवशी द्यावेत असा काही नियम नाही.

आणखी एक सुचवते, त्याला पत्ता शोधावा लागणार नाही. नवरा परदेशी नेमणुकीवर असताना मुलांच्या शाळेसाठी पुण्यात एकटी राहिलेली एखादी जवानाची पत्नी आपल्याच सोसायटीत किंवा शेजारच्या गल्लीत असू शकते. तिच्या फराळाला हात लावावा, खोके टपालात टाकायला तिच्याबरोबर जावे. तिच्याकडे क्रमांकही आहे आणि पलटणीचे नावही, तेव्हा मंडळाचा खाऊ त्याच खोक्यातून जाईल. शंभर नव्हे, पण पाच-सहा खोकी निश्चित पोहोचतील.

प्रश्न : यजमान नौदलात आहेत आणि जहाज सध्या एडनच्या आखाताकडे गस्तीवर आहे. जहाज सतत फिरते असताना पार्सल कोठे पाठवायचे?
— एक वाचक, विश्रांतवाडी

उत्तर : जहाज फिरते, पत्ता फिरत नाही. हुद्दा, क्रमांक, नाव, जहाजाचे नाव आणि ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असे लिहावे. जहाज पूर्वेकडच्या ताफ्यातले असेल तर मुंबईऐवजी विशाखापट्टणम. एडनच्या आखातात आपले नौदल २००८ पासून चाच्यांविरुद्ध गस्त घालत आहे आणि अशा फेऱ्या बरेच आठवडे चालतात, तेव्हा पार्सल किनाऱ्यावरच थांबून राहण्याची तयारी ठेवावी. जहाजावर खाजगी सामानाला जागा फार थोडी असते. मोठा डबा टाळून लहान, चपट्या पिशव्या पाठवाव्यात, आणि खाऱ्या दमट हवेत टिकणार नाही ते कितीही आवडीचे असले तरी घरीच ठेवावे. जहाज कुठे आहे हे मला पत्रातून कळवलेत ते ठीक, व्हॉट्सअॅपच्या गटात मात्र लिहू नये.

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत जन्मला, वाढला आणि आता तेथील हवाई दलात आहे. सध्या तो एका आखाती देशातील तळावर आहे. त्याला माझ्या हातचे अनारसे फार आवडतात. इथून थेट पाठवता येतील का?
— त्याची मावशी, सदाशिव पेठ

उत्तर : थेट पाठवण्यापेक्षा बहिणीकडे अमेरिकेत पाठवावे आणि तिने तिथल्या टपालातून पुढे रवाना करावे, हे सोपे पडते. अमेरिकी लष्करी टपालाला त्यांच्या देशांतर्गत दरानेच पैसे पडतात, खोके जगाच्या कुठल्याही टोकाला जावो. त्यांच्याकडेही पत्त्यात देशाचे नाव लिहीत नाहीत. युरोप, आखात आणि आफ्रिकेसाठी ‘एपीओ, एई’ एवढेच लिहितात. देशाचे नाव घातले तर खोके लष्करी टपालातून निघून त्या देशाच्या नागरी टपालात शिरते आणि मग तिथल्या जकातीत अडकते. पहिल्या प्रश्नातल्या आईंना जे सांगितले तेच इथेही लागू.

अनारशांचा प्रश्न निराळा आहे. अनारसा थापतो तो खसखशीवर, आणि खसखस ही अफूच्याच बोंडातली. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि खिशात सापडलेल्या चिमूटभर खसखशीनेही माणूस अडचणीत येऊ शकतो. शिवाय अमेरिकी सैनिकांची अमली पदार्थांसाठी अचानक तपासणी होत असते. खसखस खाल्ल्याने त्या तपासणीत कोडीन हे अफूतले द्रव्य आढळू शकते, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस असलेले पदार्थ टाळण्याची सूचना दिली. मावशीच्या मायेपोटी भाच्याची नोकरी पणाला लागू नये. करंजीच्या सारणातही आपण खसखस घालतो, तीही वगळावी.

तिळावर थापलेले अनारसे होतात, पण त्याला ते आवडतील की नाही हे आपणच ठरवावे. मी असते तर शंकरपाळे आणि शेव पाठवली असती, आणि अनारशांचे पीठ गुळासह मळून, गोळे करून घट्ट डब्यात ठेवले असते. ते कित्येक महिने टिकते. त्याची रजा मंजूर झाली की काढून तळावेत, खसखशीऐवजी तिळावर थापून, कारण रजेवरून परत गेल्यावरही तपासणी होतेच.