साइटवरचा पहिला कटर

भावा, पहिल्याच महिन्यात महागडा फोल्डिंग चाकू घेऊ नकोस. साइटवर वस्तू हरवतात, स्लॅबवरून खाली पडतात, कोणीतरी मागून नेतो आणि विसरतो. तुझ्या कामाला ब्लेडचे तुकडे मोडता येणारा साधा कटर पुरेसा आहे. ही ब्लेड 1956 मध्ये जपानमधल्या ओसाकात निघाली: धार गेली की पुढचा तुकडा मोडायचा, नवी धार तयार.

पण रुंदी बघून घे. 9 मिमीची ब्लेड कागद आणि मास्किंग टेपसाठी ठीक. जिप्सम बोर्डावर, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेल्या प्लास्टरच्या फळीवर, ती वाकते आणि मोडते. तू 18 मिमीचाच घे. आत पत्र्याची पट्टी आहे ना, हे दुकानातच ब्लेड पूर्ण बाहेर काढून तपास. नुसत्या प्लास्टिकच्या खाचेतली ब्लेड जोर दिला की डुगडुगते, आणि हात तिथेच कापतो. लॉक लावून ब्लेड टेबलावर हलकेच दाबून पाहा. मागे सरकली तर परत ठेव.

बोर्ड कापताना एका दमात आरपार जाऊ नकोस. पुढचा कागद चिरायचा, बोर्ड मागे मोडायचा, मग मागचा कागद कापायचा. ब्लेड एक-दोन तुकडेच बाहेर ठेव, दुसरा हात रेषेपासून लांब. डब्याची झाकणं मात्र तिने कधीही उचकटू नकोस, तुकडा डोळ्याकडे उडतो. मोडलेले तुकडे झाकणाच्या डबीत टाक. साइटवर बायका-पोरं अनवाणी फिरतात रे.