दिलदार म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आला आहे : शाळेच्या कार्यक्रमात देणगीदारांचे आभार मानायचे आहेत, तर त्यांना 'दिलदार' म्हणावं की 'दानशूर'? आणि दिलदार म्हणजे 'दिल देणारा' का?

आधी दुसरा प्रश्न. नाही. हा 'दार' फारसीतला, अर्थ 'बाळगणारा, जवळ असलेला'. कर्जदार कर्ज देत नाही, तो ते डोक्यावर बाळगतो. किल्लेदाराकडे किल्ला असतो. मराठीने तर हा प्रत्यय इतका आपलासा केला की पाणी या घरच्या शब्दालाही तो लावून 'पाणीदार डोळे' केले. तेव्हा दिलदार म्हणजे ज्याच्यापाशी दिल आहे तो. गंमत अशी, की फारसी-उर्दू शायरीत दिलदार म्हणजे बहुतेकदा प्रियकर किंवा प्रेयसी. मराठीत प्रेमाचा रंग गेला आणि मनाचा मोठेपणा उरला. नुसतं 'दिल' आपण एरवी फारसं वापरत नाही, तिथे 'मन' येतं. पण दिलासा, दिलगीर, दिलजमाई, दिलखुलास हे शब्द रोजचे. यांतल्या दिलखुलासची दिलदारशी गल्लत होते. दिलखुलास माणूस मोकळेपणी बोलतो, हसतो. खिशातून काही काढेलच असं नाही.

आता दानशूर. दान देण्यात शूर तो, म्हणूनच कर्णाला शोभणारा शब्द. इथे काहीतरी दिलं जावं लागतं. दिलदार असायला पैसा लागतोच असं नाही. मेथीची जुडी पिशवीत घालताना न मागता वर चार मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर टाकणारी भाजीवाली मावशी दिलदार. कबड्डीत एका गुणाने हरल्यावर 'आज तुमची चढाई भारी होती' म्हणत समोरच्या चढाईपटूला मिठी मारणारा कप्तानही दिलदार. 'दिलदार शत्रू' असं आपण बिनदिक्कत म्हणतो, 'दानशूर शत्रू' कानाला खटकतं. माझ्या मते या शब्दाची खरी ताकद इथेच आहे: देण्याइतकंच माफ करणं, दुसऱ्याचं मोठेपण मान्य करणंही त्यात बसतं.

कनवाळू आणखी वेगळा, दुसऱ्याचं दुःख पाहून कळवळणारा. सढळ हात वाढताना दिसतो, विशेषतः तुपाच्या बाबतीत.

रूपाची अडचण नाही : दिलदार माणूस, दिलदार बाई, दिलदार माणसं. नाम हवं तर दिलदारपणा किंवा दिलदारी.

तुमच्या भाषणात पावती फाडून रक्कम देणाऱ्यांना खुशाल दानशूर म्हणा. वर्गखोली बांधून देऊन 'पाटीवर नाव नको' म्हणणारं कुणी असेल, तर दिलदार हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा.