वाचक विचारतात : हस्की जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेताना

प्रश्न : हस्कीचं 35 दिवसांचं पिल्लू बघून ठेवलंय. विकणारा म्हणतो, "डोळे निळे आहेत, म्हणजे प्युअर. कागद नंतर देतो." ॲडव्हान्स द्यावा का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : देऊ नका. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. त्याच दिवसांत ते चावा किती जोरात घ्यायचा हे आई-भावंडांकडून शिकतं.

निळ्या डोळ्यांवरून जात ठरत नाही. हस्कीचे डोळे तपकिरी असतात, निळे असतात, एक निळा एक तपकिरीही असतो. शिवाय इतक्या लहान वयात बहुतेक जातींच्या पिल्लांचे डोळे निळसरच दिसतात. त्यापेक्षा पिल्लाची आई बघा. प्रौढ मादी 16 ते 23 किलो, नर 20 ते 27. आई-बाप याहून खूपच थोराड असतील तर मिसळ असल्याची शंका घ्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद असेल तर मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या बारीक चिपचा) नंबर स्कॅनर लावून जुळवा. मात्र कागद वंश सांगतो, तब्येत नाही.

तब्येतीसाठी पिल्लू हातात घ्या. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा; पांढरा पडलेला ठिपका 2 सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरड्याच फिकट, पोट टम्म आणि बरगड्या वर आलेल्या, असं असेल तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. बेंबीशी मऊ गोळी लागली तर तो हर्निया. शेपटीखालचे केस चिकट नकोत, ती जुलाबाची खूण असते.

भावंडंही बघा. एकालाही उलट्या-जुलाब असतील तर त्या घरातलं कुठलंच पिल्लू आणू नका. पार्व्होची (उलट्या-जुलाब होणाऱ्या विषाणूजन्य आजाराची) लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, त्यामुळे आज उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर आजारी पडतं. आणलं की त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा आणि दोष निघाल्यास परत घेण्याचं आधीच लिहून घ्या.

हस्कीत आनुवंशिक मोतीबिंदू आढळतो. तो बऱ्याचदा काही महिन्यांनी उमटतो, म्हणून 8 आठवड्यांच्या पिल्लाचे डोळे स्वच्छ दिसले तरी पुरेसं नाही. आई-बापाच्या डोळ्यांच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. तो दाखवणारा ब्रीडर शोधायला वेळ लागला तरी चालेल, थांबा.

प्रश्न : उन्हाळ्यात हस्कीचे केस काढून टाकले तर चालतील का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. वरच्या लांब केसांमुळे ऊन थेट कातडीला लागत नाही. आतली लोकर मात्र झडते, ती रोज विंचरून काढा. सोलापुरात पारा 42च्या वर जातो, तेव्हा दिवसभर कूलर किंवा एसीची खोली देता येत असेल तरच ही जात घ्या. फिरवणं पहाटे उजाडण्याआधी. जोरात धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या आणि झोकांड्या दिसल्या तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि ओल्या अंगानेच डॉक्टरांकडे न्या.