वाचकांचे प्रश्न : केसपेपरवरची औषधे आणि वॉर्डातले शिक्षण

प्रश्न : मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज आहे. मागील महिन्यात केसपेपरवर १० या आकड्यापुढे ‘युनिट’साठी काढलेले रोमन ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसले आणि नवीन सिस्टरने ते १०० समजून इन्सुलिन भरायला घेतले. ४० युनिटांची सिरिंज ती दुसऱ्यांदा भरते आहे, हे पाहून शेजारच्या सिस्टरने तिचा हात धरला. आता व्यवस्थापन सर्वांसाठी एक दिवसाचे व्याख्यान ठेवणार आहे. त्याने फरक पडेल का?

उत्तर : ताई, नवीन सिस्टरला मेमो दिला असेल, तर तो आधी मागे घ्यायला लावा. चूक तिच्या वाचण्यात झाली असली, तरी तिची सुरुवात लिहिणाऱ्याच्या पेनातून झाली होती. आणि एकदा शिक्षा झाली की पुढची थोडक्यात टळलेली चूक कोणीही सांगायला येत नाही.

एका व्याख्यानाचा परिणाम फार दिवस टिकत नाही. त्याऐवजी दर आठवड्याला आपल्याच वॉर्डातले चार-पाच केसपेपर नावे झाकून घ्यावेत आणि निवासी डॉक्टर, सिस्टर व फार्मासिस्ट यांनी एकत्र बसून ते मोठ्याने वाचावेत. स्वतःचे अक्षर दुसऱ्याला अडखळत वाचताना ऐकले की डॉक्टर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहू लागतात. ‘५.०’ मधला टिंब पुसट झाला की ५० होतात. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट रोज दिली गेली, तर जिवावर बेतते, म्हणून तिच्यापुढे वारही लिहायला हवा. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधले १०० शक्तीचे (एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट) इन्सुलिन ४० शक्तीसाठी आखलेल्या सिरिंजमध्ये ओढले, तर मात्रा अडीचपट होते, हे सिरिंज हातात देऊनच शिकवावे.

आपल्याकडे अक्कलकोटपासून विजयपुरापर्यंतचे रुग्ण येतात. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आजीला घरी चालू असलेल्या गोळ्या आणि ॲलर्जी तिच्या भाषेत विचारल्याशिवाय नवे औषध लिहू नये. गोळ्यांची पिशवीच मागवून घ्यावी. आयसीयूमधून वॉर्डात येणाऱ्या रुग्णाची औषधयादी पुन्हा ताडून पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सुरू केलेल्या औषध-सुरक्षा मोहिमेतही रुग्ण एका विभागातून दुसरीकडे हलवतानाच्या अशा टप्प्यांवर विशेष भर आहे.

पहिल्या बैठकीत मुख्य फिजिशियन सरांनी स्वतः लिहिलेला केसपेपर नाव न झाकता पुढे ठेवावा, अशी विनंती मात्र तुम्हीच करा. त्यानंतर इतरांना आपला कागद लपवावासा वाटणार नाही.