जुन्या पत्र्याच्या ट्रंकेला रंग देताना

अगं, ट्रंक भंगारात अजिबात देऊ नकोस, खिडकीखाली ठेवून वर गादी टाकलीस की बसायलाही होईल आणि आत गोधड्या मावतील. फक्त घाई नको. आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज घास, कोपरे आणि कडीमागची जागा नीट बघ कारण गंज तिथेच लपतो, मग थिनरच्या फडक्याने पुसून रेड ऑक्साइड प्रायमरचा हात मार, तो टाळलास तर पावसाळ्यात रंगाखालून गंज परत वर येतोच. झाकणावर आजोबांचं नाव असेल तर प्लीज तसंच ठेव, भोवतीनं रंगव, फार सुंदर दिसतं ते. ऑइल पेंटचे दोन पातळ हात दे, मध्ये एक रात्र जाऊ दे, जाड हाताला ओघळ येतात. वास पूर्ण गेल्याशिवाय गोधड्या आत ठेवू नकोस.