श्रमदानाची नोंदणी: आमच्या भाकऱ्या का कमी पडल्या

ताई, 1 मेच्या श्रमदानाला शहरातून येणाऱ्यांची नावं गूगल फॉर्मवर घ्यावीत की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच, असं तुम्ही विचारलंय. खाली लिहिलंय, ‘जेवण गावातल्या घराघरांतून येणार आहे.’ ते वाचलं आणि राहवलं नाही. आमचंही अगदी असंच होतं.

फॉर्मच करा. ग्रुपवर ‘आम्ही पण’, ‘+2’, मग चार अंगठे, मधेच कुणाचा तरी वाढदिवस. त्यातून यादी काढता काढता डोळे जातील. फॉर्म कसा करतात ते सांगत बसत नाही, घरातलं कॉलेजचं पोर दहा मिनिटांत करून देईल.

मी कुठे माती खाल्ली ते सांगतो. प्रश्न टाकला, ‘सोबत किती जण?’ आणि उत्तराला ठेवली मोकळी जागा. लोकांनीही मोकळेपणाने लिहिलं: ‘3’, ‘आम्ही दोघं’, ‘2+1 लहान’, ‘बहुतेक 4, सासूबाई आल्या तर 5’. फॉर्मची उत्तरं ज्या गूगल शीटमध्ये जमा होतात तिथे त्या रकान्याखाली बेरीज लावली, 118 आले, मी खूश. ती बेरीज फक्त निव्वळ आकडे धरते. ज्या चौकोनात अक्षर आहे तो गुपचूप सोडून देते, चूकसुद्धा दाखवत नाही. त्यात ‘सोबत’ म्हणजे स्वतःला धरून की सोडून, हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेलं. गावात मी 120 कळवले. उतरले 180च्या वर.

माणशी अडीच धरून 300 भाकऱ्या झाल्या होत्या. पाहुणे जेवले. ज्या बायकांनी पहाटे चारला उठून त्या थापल्या, त्यांच्या वाट्याला पिठल्याची खरवड आणि ठेचा. एक मावशी हसत म्हणाल्या, ‘शिकलेली माणसं ना रे तुम्ही?’ पुढच्या वर्षी त्या गावाला फोन लावायला मला आठ दिवस धीर होईना. टिकाव-फावड्यांचंही तेच. निम्मे लोक चरांच्या कडेला उभं राहून फोटो काढत होते, त्यांचा तरी काय दोष?

आता मी दोन वेगळे प्रश्न विचारतो: ‘तुम्हाला धरून एकूण मोठी माणसं’ आणि ‘12 वर्षांखालची मुलं’. दोन्हीला 0 ते 6 मधून निवडायचं, लिहायला जागाच नाही. सातवा माणूस असेल तर दुसरा फॉर्म भरा. लोक कुरकुरतात, कुरकुरू द्या. कुठून बसणार हेही विचारा, गाडी ठरवताना उपयोगी पडतं. रक्तगट मात्र कशाला विचारतात मला कळत नाही, दवाखान्यात तपासल्याशिवाय रक्त देतच नाहीत. त्याऐवजी घरच्या कुणाचा तरी नंबर घ्या.

आधार नंबर मागू नका. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे. मी वकील नाही, पण नको ते गोळाच करू नये एवढं कळतं. परवानगीसाठी आम्ही ज्या कार्यालयात गेलो तिथे आधी नुसता आकडा पुरेल म्हणाले, मग नावांची यादी, मग तीच यादी वयासकट. तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये. असो. काय हवं ते कागदावर लिहून मागा. आणि शीटची लिंक ग्रुपवर टाकू नका. आमच्या यादीतल्या लोकांना नंतर प्लॉट विकणाऱ्यांचे फोन आले. लिंकमुळेच आले हे सिद्ध करता येणार नाही, पण मला दुसरं कारण दिसत नाही.

येतो म्हणून न येणारेही असतात. 50 रुपये घ्यावेत असं माझं मत, आमच्याच गटात त्यावरून भांडणं आहेत. पैसे नको असतील तर 29 तारखेला संध्याकाळी फोन करा, मेसेज नाही. चौघांनी वीस-वीस नंबर वाटून घेतले की तासाभरात उरकतं.

आणि गावाला आकडा कळवताना थापणाऱ्या बायका, त्यांची पोरं, चर आखून देणारे गावकरी, सगळे धरा. आमच्या त्या 120 मध्ये गावातलं एकही माणूस नव्हतं.